न कापलेला बुश

मोतीराम,

तू जाऊन आज सहावा दिवस. सकाळपासून तुझ्या दारात चपला मावत नाहीत. पितळेच्या दुकानांतली तुझी जुनी माणसं आली, लाखनीहून आपल्या शेडातली सगळी आली, साकोलीहून तुझी लेक आली. मी भिंतीला टेकून बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, असा ओतकाम करणारा माणूस भंडाऱ्यात पुन्हा होणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मग तुझा चुलतभाऊ सुस्कारा टाकून म्हणाला, "हात मोठा होता गा त्याचा. पण शेवटी शेवटी हातच गेला. मिल्ट्रीवाल्यांनी बंद केलं ना त्याले."

पुन्हा सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

तू असताना पाच वर्षं जे केलं, तेच मी तू गेल्यावरही केलं. उठून बाहेर आलो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. घरी येऊन हे लिहायला बसलो आहे. उद्या पुन्हा तुझ्या दारात यायचं आहे, आणि उद्या मान हलवायची नाही, एवढं ठरवलं आहे. ठरवण्यात मी नेहमीच पुढे असतो, हे तुला माहीत आहे.

आपली गाठ पडली तो दिवस मला नीट आठवतो. मी सैन्यातून हवालदार होऊन सुटलो होतो. पट्ट्यावर चालणाऱ्या चिलखती गाड्या दुरुस्त करणं, एवढं एकच काम मला येत होतं. माझ्या गावी, आंधळगावात, धानाच्या बांधावर उभा राहायचो आणि हात मोकळे मोकळे वाटायचे. तेवढ्यात आमच्या जुन्या वर्कशॉपमधल्या सुभेदार साहेबांचा फोन आला. गाड्यांचा एक बुश, म्हणजे आसावर बसणारं धातूचं कडं, ज्या देशातून यायचा तिथून यायचा बंद झाला होता. तुमच्या भंडाऱ्यात पितळेचं काम चालतं ना, कुणी करून देईल का, असं ते विचारत होते. मी तो जुना बुश फडक्यात बांधून तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात फिरलो. गुंड, घागरी, समया करणारी माणसं. त्यांनी तो हातात घेतला आणि परत दिला.

तू परत दिला नाहीस. दोरीला बांधून टांगलास, खिळ्यानं एक टोला मारलास आणि कान लावून ऐकत बसलास. मग विचारलंस, "हे कायचं व्हय?"

"रणगाड्यासारखी गाडी असते. तिच्यात जवान बसतात. त्या गाडीचा पट्टा ताणून धराले मागे एक चाक असते. त्या चाकाच्या आसावर हा बसते."

"गाडी सारी लोखंडाची ना? मंग यात हे कायले?"

"लोखंडावर लोखंड फिरलं तर दोन्ही खराब होते. मधात नरम काही लागते."

"म्हणजे सासू-सुनेच्या मधात नवरा असते तसा," तू म्हणालास, आणि मी कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसलो.

पहिले नमुने दोनदा परत आले. तुला ते फार लागलं. तुझ्या बापानं, आज्यानं ओतलेली भांडी कुणी परत केली नव्हती. मी तुला समजावून सांगितलं की या गाड्या चालवणाऱ्या पोरांपेक्षा वयानं मोठ्या आहेत. नव्या गाड्या लगेच मिळत नाहीत, म्हणून याच गाड्या उघडून त्यांना नवं इंजिन देतात, अंधारात पाहणारी दुर्बीण देतात, अंगावर जाड पत्रे चढवतात. गाडी वरून नवी होते, पण वजन वाढतं, आणि खालची चाकं, आस, बुश जुन्याच मापाचे राहतात. जुन्या मापाच्या बुशावर आता जास्तीचं ओझं. म्हणून जुन्यापेक्षा चांगला हवा. तू ऐकून घेतलंस, आणि दुसऱ्या दिवसापासून धातू वितळवायच्या मुशीत काय किती टाकायचं ते वजन करून वहीत लिहायला लागलास. त्याआधी तू कधी वही केली नव्हतीस. तिसरा नमुना पास झाला.

मग आपण लाखनीजवळ हायवेला शेड टाकली. समोरून दिवसभर ट्रक जायचे आणि तू म्हणायचास, यांच्या धुळीनं वाळू खराब होते. एक लेथ, एक भट्टी, सहा माणसं. ओतायचं तू, कातायचं आणि तपासायचं मी. कागदावर सही माझी, कारण सैन्यात होतो, वर्कशॉपच्या गेटवर मला ओळखत होते.

मंजुरीच्या वेळी तू माझ्याबरोबर वर्कशॉपला आला होतास. गाडी उघडून ठेवली होती. तू इंजिनाकडे पाहिलंही नाहीस. मागच्या दारातून आत डोकावलास, बाकाला हात लावलास.

"इथं किती पोट्टे बसतात?"

"मागे सात. पुढे तीन."

"दहा?" तू बराच वेळ तिथेच वाकून उभा होतास. "याहून तर आपल्या एसटीत जागा मोकळी असते."

परतल्यावर तू नियम केलास. प्रत्येक मुशीतून नऊ बुश निघायचे. त्यातला एक उभा कापायचा, आतून पाहायचा, आणि त्याचं अर्धं भिंतीवरच्या फळीवर ठेवायचं. खडूनं तारीख टाकायची. आठ जाणार, एक मरणार. मी किती भांडलो! एवढा चांगला नग उगाच कापतोस, टोला मारून आवाज ऐक, कळतं तुला. तू एकदाच उत्तर दिलंस. "मले कळते. पण मी रोज सारखा नसतो."

हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं, ते सांगता येत नाही.

तुझ्याशी काम करणं सोपं नव्हतं, हेही लिहितो. मूस भट्टीतून उचलताना तू कुणाला बोलू द्यायचा नाहीस, शिंकूसुद्धा द्यायचा नाहीस. चहात साखर जास्त झाली की कप तसाच ठेवायचास आणि दुपारपर्यंत रुसायचास. मी हवालदारासारखा आवाज चढवला की तू डोक्याचा दुपट्टा काढून झटकायचास, म्हणजे मला समजायचं, आता पुढं बोललो तर हा घरी निघून जाईल. एकदा गेलाही होतास. दोन दिवसांनी आलास आणि काही झालंच नाही अशा तऱ्हेनं वाळू चाळायला बसलास. माझ्या आयुष्यात इतकं भांडून इतकं जवळचं दुसरं माणूस नव्हतं. माझी बायको म्हणायची, घरी बोलत नाही तेवढं तुम्ही मोतीरामभाऊंशी भांडता.

आता त्या दिवसांवर येतो. ते मी आजवर एकट्यानंच आठवले आहेत.

श्रावण होता. पाऊस चार दिवस थांबला नव्हता, शेडातली माणसं आपापल्या घरी होती. साकोलीला तुझ्या लेकीचं बाळंतपण होतं आणि तू तिकडे गेला होतास. वर्कशॉपचा फोन आला: गाड्या ठरल्यापेक्षा लवकर रेल्वेवर चढणार, डोंगरी भागात जाणार. नऊ बुश कमी पडतात. परवापर्यंत पोचवा.

मी तुला फोन केला. तू म्हणालास, "पेटवू नको. वाळू ओली आहे, धातूच्या कांड्याही ओल्या असतील. मी परवा येतो, वाळवून ओततो. दोन दिवस थांबा म्हणा त्याहिले."

मी वर्कशॉपला थांबा म्हणालो नाही. इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभा राहून पाहत होतो. मला वाटलं, येतं मला. दुपारी भट्टी पेटवली. वाळू पत्र्यावर पसरून थोडी शेकली, कांड्या पुसल्या, मूस उचलली, ओतलं. नऊ निघाले. वरून साफ. कातल्यावर तर आरशासारखे. टोला मारून पाहिला, आवाज बरा वाटला. मला जो बरा वाटायचा होता तोच वाटला.

नऊ लागणार होते आणि नऊच निघाले होते. एक कापला असता तर आठ गेले असते आणि एक गाडी अडली असती. मी कापला नाही. तपासणीच्या कागदावर लिहिलं: नमुना कापून पाहिला, ठीक. खाली सही केली. खोके बांधले आणि गाडीनं रवाना केले.

तू तिसऱ्या दिवशी सकाळी आलास, पिशवीत नात झाल्याचे पेढे घेऊन. पेढे टेबलावर ठेवलेस आणि रोजच्यासारखी फळीकडे नजर टाकलीस, मग भट्टीतल्या ताज्या राखेकडे.

"हे भट्टी कोणं पेटवली?"

"मी."

"अर्धा कुठं आहे?"

"कापला होता. फेकला."

तू माझ्याकडे पाहिलंस. ओरडला नाहीस. कोपऱ्यातल्या भंगाराच्या ढिगापाशी गेलास आणि एकेक तुकडा वर-खाली करू लागलास. धातू साच्यात जाताना वाटेत जी कांडी थिजते ती, माझ्या ओताची, तुला सापडली. पकडीत घट्ट धरलीस आणि करवतीनं कापायला लागलास. शेडात आपण दोघंच होतो. मला ती करवत माझ्याच हाडावर चालल्यासारखी वाटत होती. कांडी दोन तुकडे होऊन पडली. तू एक तुकडा उजेडाकडे धरून मला दाखवलास. आतून सुईनं टोचल्यासारखी भोकं, शेकड्यानं.

"ते वाटेतलं आहे," मी म्हणालो. "वाटेत असतातच भोकं. बुशात नसतील."

"नसतील? का नाहीत?"

मी वळून लेथ पुसायला लागलो.

"रामदास, तुनं नमुना कापला होता का नाही?"

"नाही."

तू खाली बसलास. मग म्हणालास, "फोन लाव."

मी तुला समजवायला लागलो. आठवतं ना? की हा बुश जुन्यापेक्षा जाडच आहे, की लगेच काही होत नाही, की पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला बदलून देऊ गुपचूप. की खोटी सही कळली तर आपलं नाव कायमचं काळ्या यादीत जाईल, शेड बंद पडेल. मी, ज्यानं त्या गाड्यांखाली झोपून वीस वर्षं काढली, तो हे बोलत होता. आणि ज्यानं ती गाडी एकदाच पाहिली होती, तो म्हणत होता, "डोंगरात तो पट्टा उतरला तर गाडी कुठं जाईल? तूच सांग. तुले माहीत आहे. मले नाही."

मला माहीत होतं. एका बाजूचा पट्टा उतरला की गाडी जागच्या जागी वळते. सपाट मैदानात वाळू उडते. घाटात दरी असते.

मी फोन लावला. सुभेदार साहेबांनी उचलला. खुशीत होते. "अरे, टाइमावर आलं तुमचं सामान! नऊच्या नऊ बसवले. पहिली गाडी आज दुपारी टेस्टवर काढतोय. बोल, काय काम?"

माझ्या तोंडातून निघालं, "काही नाही साहेब. पोचलं का, ते विचारायला केला."

फोन ठेवला. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. तो राग नव्हता. ओळखीच्या माणसाच्या घरात दुसरंच कुणी राहतं असं कळावं, तसं काहीतरी होतं ते. तू माझ्या हातातून फोन घेऊन पुन्हा लावलास. बंद. वर्कशॉपमध्ये आत जाताना फोन गेटवर जमा करतात. ते फोनसाठीच बाहेर आले होते आणि परत आत गेले होते.

"टेम्पोची चाबी दे."

"तुले चालवता येत नाही."

"मंग तू चालव. नाही तर मी हायवेवर हात दाखवून जातो."

"गेटवर तुले कोण आत घेईल?"

"नाही घेतलं तर गेटसमोर झोपतो. गाडी माह्यावरून काढतील त्ये?"

चार तासांची वाट. काचेवर पाऊस, पुढे ट्रकांच्या रांगा.  मांडीवर तो कापलेला तुकडा फडक्यात धरून बसला होतास. मी दोनदा गाडी चुकीची घातली, एकदा ट्रकला लागता लागता वाचलो. तू एवढंच म्हणालास, "आपण पोचलो पाहिजे. मरायचं असंल तर येताना मर."

गेटवर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. आणि भिंतीपलीकडून मला तो आवाज आला, पट्ट्याचा, कडकडकड असा. टेस्टच्या रस्त्यावर गाडी निघाली होती.  तू पहारेकऱ्याकडे जाऊन तुझ्या भंडारी हिंदीत सांगायला लागलास, "साब, गाडी रुकाओ. सामान खराब है. गाडी रुकाओ." त्याला काही समजेना. तू फडकं उघडून तो तुकडा त्याच्या नाकासमोर धरलास. तेव्हा मी पुढे झालो, माझी ओळख सांगितली, सुभेदार साहेबांना बोलवायला लावलं. ते आले, तू तुकडा त्यांच्या हातात दिलास. त्यांनी तो पाहिला आणि तसेच वळून पळत सुटले. पन्नाशीचा माणूस, चिखलातून, टोपी हातात धरून.

आपण गेटपाशीच उभे. आवाज लांब गेला, वळला, पुन्हा जवळ यायला लागला. मग एकदम बदलला. कडकडीच्या मधे एक खरखर. तू माझं मनगट पकडलंस. आवाज बंद झाला.

ती दहा-पंधरा मिनिटं मी कशी काढली, देव जाणे. तुझी बोटं माझ्या मनगटात रुतली होती. आत कोण होतं, किती होते, काही माहीत नव्हतं. पुढे समजलं: चालवणारा होता आणि एक मेकॅनिक. वळणावर गाडी एका बाजूला खेचायला लागली तेव्हाच चालवणाऱ्यानं वेग तोडला होता, आणि तेवढ्यात सुभेदार साहेब रस्त्यात हात पसरून उभे राहिले. चाक काढलं तर बुश उभा फाटलेला. बाकीचे आठ काढून कापले. आणखी दोन तसेच. पट्टा उतरला नव्हता. अजून पाव-अर्धा किलोमीटर चालली असती तर उतरला असता, असं साहेब म्हणाले. कुणाला खरचटलंही नाही.

हे तुझ्यामुळे. हे एवढं तरी स्वच्छ शब्दांत कुठंतरी लिहिलेलं असावं.

संध्याकाळच्या आत आपल्याला मेजर साहेबांसमोर उभं केलं. टेबलावर माझा कागद होता. त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं. "नमुना काटा था?"

 एक शब्द होता, दोन अक्षरांचा. नाही. सकाळी तुझ्यापुढे निघाला होता, इथे निघेना.

आणि तू बोललास. "साब, ढलाई मेरी है. नमुना मैंनेच काटा. मेरे कू छेद दिखे नहीं. अब नजर भी वैसी नहीं रही, और हाथ भी."

मेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ये सही बोल रहा है?"

मी मान हलवली.

तेव्हा मला काय वाटलं ते आज पहिल्यांदा लिहितो. मला हायसं वाटलं. शरम नंतर आली, टेम्पोत बसल्यावर. आधी हायसंच वाटलं.

निकाल असा लागला: तुम्ही स्वतःहून धावत आलात म्हणून काम काढून घेत नाही. पण हा माणूस यापुढे आमच्या कामाचं ओतणार नाही. लेखी द्या. मी लेखी दिलं. माझ्याच अक्षरात तुझं नाव लिहिलं.

परतताना लाखनी यायला आलं तेव्हा मी विचारलं, "काहून केलं असं?"

"तुही सही खोटी ठरली असती तर शेड गेली असती. सहा घरं आहेत त्यावर. माहा हात चुकला म्हटलं तर हात बदलता येते."

"मी तुले सांगितलं होतं असं कराले?"

"नाही. तू कायीच नाही सांगितलं."

मी चिडलो. खरंच चिडलो, मोतीराम. उपकार करणाऱ्यावर माणूस जितका चिडतो तितका दुसऱ्या कुणावर चिडत नाही.

त्यानंतर पाच वर्षं तू शेडात येत राहिलास. भट्टीला हात लावायची मनाई, म्हणून दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसायचास आणि तिथून आपल्या सहा माणसांतल्या वंदनाला शिकवायचास. वाळू किती दाबायची, मूस किती लाल व्हायची, सगळं तोंडानं. ती शिकली. आज ती ओतते ते बुश तुझ्या तोडीचे आहेत, आणि ती प्रत्येक मुशीमागे एक कापते. पुन्हा एकही नग परत आला नाही. उरलेल्या वेळात तू गल्लीतल्या घरी पूजेच्या घंट्या ओतायचास. लोक म्हणायचे, आता एवढंच जमतं त्याले. तू ऐकून घ्यायचास.

आपलं एकच भांडण राहिलं. मी वर्षातून एकदा म्हणायचो, मी साहेबांना खरं सांगून टाकतो. तू म्हणायचास, आता काय करतं सांगून, काम चालून राहिलं ना. आणि मला तेच ऐकायचं असायचं. या वेळी मात्र, तू जायच्या आठवडाभर आधी, तू वेगळं बोललास. खुर्चीतून उठता उठता म्हणालास, "सांगायचं असंल तर माह्यासाठी नको सांगू. तुले झोप लागत नसंल तर सांग."

"मले चांगली झोप लागते," मी म्हणालो.

हेच आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर तू शेडात आला नाहीस, मग तुझ्या घरून फोन आला.

इथपर्यंत काल लिहिलं. आता पुढचं, आजचं.

सकाळी तुझ्या घरी गेलो. गर्दी कमी होती. इंदू वहिनी आतल्या खोलीच्या दाराशी बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. जसं वर लिहिलं आहे तसंच, मेजर साहेबांच्या टेबलापर्यंत. तुझा चुलतभाऊ होता, लेक होती.  माझं संपेपर्यंत वहिनी जमिनीकडे पाहत होत्या.

मग म्हणाल्या, "मी त्याहिले तीनदा नागपूरले नेलं."

मला समजेना.

"हात दाखवाले. ह्या डॉक्टरले, त्या डॉक्टरले. डॉक्टर म्हणे, बाई, हाताले काही नाही. मी म्हणो, मंग ओत काहून चुकला? भांडली मी डॉक्टरसंग. गोळ्या लिहून घेतल्या. रोज संध्याकाळी तेल लावून हात चोळून देत होती. पाच वर्षं." त्यांचा आवाज चढला नाही. "आणि हे चोळू देत होते."

मोतीराम, हे मला माहीत नव्हतं. तू तीनदा त्या रांगेत बसलास. डॉक्टरनं सांगितलं तशा मुठी उघडल्यास, मिटल्यास. घरच्या माणसापुढेही माझं नाव घेतलं नाहीस. मला वाटायचं, तुझं काय गेलं, थोडं नाव गेलं. तुझ्या घरात रोज संध्याकाळी काय चाललं होतं, याचा मी कधी विचारच केला नाही.

मी हात जोडले. वहिनींनी त्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले सांगून काय होते भाऊ? ज्या साहेबापुढं त्याहिचं नाव खराब झालं, त्याले सांगा. लिहून सांगा. मंग या घरी."

तिथून तडक लाखनीला शेडात गेलो. मेजर साहेब केव्हाच बदलून गेले आहेत, सुभेदार साहेबही निवृत्त झाले. आता जे आहेत त्यांच्या नावानं पत्र लिहिलं. भट्टी मी पेटवली, नमुना मी कापला नाही, कागदावर खोटं मी लिहिलं. शेडातल्या सगळ्यांना आधी वाचून दाखवलं, कारण परिणाम त्यांनाही भोगावे लागतील. वंदना एवढंच म्हणाली, "पाठवा. मोतीरामभाऊ खुर्चीत कायले बसत होते, मले कधी समजलंच नाही." पत्र रजिस्टरनं पाठवलं. वर्कशॉपला फोन करूनही सांगितलं. तिकडच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पत्र येऊ द्या, तुम्हाला बोलावू. सही करण्याचा माझा अधिकार तर जाईलच. काम राहील की नाही, सांगता येत नाही. 

संध्याकाळी पत्राची नक्कल घेऊन पुन्हा तुझ्या घरी गेलो. वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि मला परत दिली.

"वाचा."

मी वाचायला लागलो.

"मोठ्यानं. बाहेर बसले आहेत त्याहिले ऐकू गेलं पाहिजे."

बाहेर तुझा चुलतभाऊ होता, गल्लीतली चार-पाच माणसं होती. मी उभा राहिलो. परेडच्या मैदानावर लावायचो तो आवाज लावला, तरी तो मधेमधे फाटत होता. पहिल्या ओळीपासून वाचत आलो. शेवटची ओळ अशी होती: "या प्रकरणात मोतीराम यांचा कोणताही दोष नव्हता. त्यांचा हात शेवटपर्यंत उत्तम होता."

वाचून झालं.  वहिनींनी पदर तोंडाला लावला होता, डोळे माझ्यावर होते.

"शेवटचं पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.